टांझानियातलं दंतशिबिर आणि मग सफारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी साताऱ्यात दातांचा दवाखाना चालवते. आजवर तीनदा उत्तर टांझानियात, अरुशा शहराच्या आसपासच्या गावांत दंतशिबिरासाठी जाऊन आले. दरवेळी परतल्यावर फोन सुरू होतात. कुणी वर्गमैत्रीण असते, कुणी बीडीएसच्या शेवटच्या वर्षाला असलेला पेशंटचा मुलगा, तर कुणी निवृत्त शिक्षक, ज्यांना आयुष्यात एकदा तरी हत्तींचे कळप बघायचे आहेत आणि हातून काही कामही व्हावं असं वाटतं. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून इथे सगळी उत्तरं एकत्र लिहून ठेवते आहे.

जायला टांझानियाच का? आपल्याकडे गावं कमी आहेत का?

कमी नाहीत. मेळघाटात, नंदुरबारमध्ये, गडचिरोलीत कामाला तोटा नाही, आणि ज्यांना आठवडाभरच वेळ आहे त्यांना मी आधी तिकडेच पाठवते. टांझानियात मी गेले ती एका मैत्रिणीमुळे. ती तिथल्या एका आरोग्यकेंद्राशी आधीपासून जोडलेली होती. पुन्हा गेले ती दातांवरच्या एका खुणेमुळे. ती खूण यवतमाळ-नांदेडकडच्या माणसाला नवी नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

मी डेंटिस्ट नाही. माझा काय उपयोग?

भरपूर आहे. शिबिरात दात काढणारे हात दोन-तीनच असतात, बाकी सगळं काम त्यांच्याभोवतीचं. नावं लिहून घ्यायची, रांग सांभाळायची, कोणाला आधी ताप आहे, कोण गरोदर आहे, कोण रक्त पातळ होण्याची गोळी घेतं ते विचारायचं, वापरलेली हत्यारं ब्रशने घासून धुवायची, ती निर्जंतुक करायच्या कुकरची वेळ बघायची, मुलांना दात घासायला शिकवायचं. आमच्याबरोबर आलेल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी पाच दिवस फक्त नोंदवही सांभाळली. शिबिर संपल्यावर सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती तीच वही.

मी बीडीएसला आहे. तिथे दात काढायला मिळतील का?

नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि माझं उत्तर बदलत नाही. जे काम तुम्हाला साताऱ्यात एकट्याने करायची परवानगी नाही, ते अरुशाच्या माणसाच्या तोंडातही करायचं नाही. तिथला माणूस पहाटे निघून दोन तास चालत आलेला असतो. दाढेचं मूळ आत तुटलं तर तुम्ही आठवड्याने विमानात बसता आणि तो सूज घेऊन घरी बसतो. विद्यार्थ्यांनी मदतनीस म्हणून जरूर यावं. चार हातांनी काम कसं करायचं, विजेशिवाय दात कसा भरायचा, हे तिथे जितकं शिकायला मिळतं तितकं कॉलेजच्या ओपीडीत मिळत नाही. 'भरपूर प्रॅक्टिस मिळेल' असं सांगून विद्यार्थ्यांकडून पैसे घेणारे गट आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

कागदपत्रं कोणती लागतात? पर्यटक व्हिसावर चालतं का?

चालत नाही. सेवा फुकट असली तरी कायद्याच्या नजरेत ते कामच आहे, त्यामुळे कामासाठीची परवानगी वेगळी काढावी लागते. त्याशिवाय टांझानियाच्या मुख्य भूमीवर डॉक्टर आणि दंतवैद्यांची नोंदणी मेडिकल कौन्सिल ऑफ टांगानिका करतं, त्यांच्याकडे तात्पुरती नोंदणी लागते. त्यासाठी पदवी, राज्य दंत परिषदेचं चालू नोंदणी प्रमाणपत्र आणि गुड स्टँडिंग सर्टिफिकेट, म्हणजे तुमच्याविरुद्ध काही कारवाई नसल्याचं पत्र, तयार ठेवा. हे सगळं तिथल्या यजमान आरोग्यकेंद्रामार्फतच होतं. निदान चार महिने हातात धरा.

एखादा गट म्हणाला, 'काही लागत नाही, टुरिस्ट व्हिसा काढा, बाकी आम्ही बघतो', तर तिथेच नमस्कार करा. पहिल्या खेपेला आम्ही ज्यांच्यातर्फे जाणार होतो त्यांनी हेच सांगितलं होतं. जायला महिना उरला असताना लक्षात आलं की जिल्ह्याच्या दंत अधिकाऱ्यांना या शिबिराचा पत्ताच नाही. आम्ही तिकिटं पुढे ढकलली, पैसे बुडाले, पण चोरासारखं जाऊन काम करायचं नाही हे त्या वेळी पक्कं झालं.

तिथे काम नक्की काय असतं? खुर्ची, एक्स-रे, ड्रिल असतं का?

शाळेची वर्गखोली, नाहीतर आरोग्यकेंद्राचा व्हरांडा. प्लॅस्टिकची खुर्ची भिंतीला टेकवलेली आणि मागे डोकं ठेवायला गुंडाळलेला टॉवेल. कपाळावर हेडलॅम्प. मोठ्यांपैकी बहुतेकांना दात काढायचाच असतो, कारण दुखणं मुळापर्यंत गेल्यावरच ते येतात.

पण माझ्या मते खरं काम लहान मुलांचं, आणि ते ड्रिलशिवायच करायचं असतं. एआरटी, म्हणजे अॅट्रॉमॅटिक रिस्टोरेटिव्ह ट्रीटमेंट, आपण पुस्तकात दोन पानांत वाचून पुढे जातो. ही पद्धत जन्मली टांझानियातच, १९८०च्या दशकाच्या मध्यात. खेड्यात न्यायचं ड्रिल विजेशिवाय चालेना, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी नुसत्या हाताच्या हत्यारांनी किडलेला भाग खरवडून दात भरायला सुरुवात केली. आज जगभर ती शिकवली जाते. त्यामुळे तिथे जाऊन 'आम्ही तुम्हाला नवीन काही शिकवायला आलो' हा भाव मनात असेल तर तो घरीच ठेवून निघा.

करायचं कसं? छोट्या कुऱ्हाडीसारख्या पात्याच्या हत्याराने खड्ड्याचं तोंड थोडं रुंद करायचं. एक्सकॅव्हेटरने मऊ, ओली कीड चमच्याने खोबरं खरवडावं तशी काढायची. खाली कडक, कोरडं लागलं की थांबायचं. मग घट्ट कालवलेलं ग्लास आयोनोमर, म्हणजे दात भरायचं सिमेंट, भरायचं, बोटाला व्हॅसलीन लावून वरून दाबून धरायचं आणि बाजूला आलेलं काढून टाकायचं. तासभर काही खायचं नाही, एवढंच मुलाला सांगायचं. सुई नाही, घरघर नाही, त्यामुळे मूल रडत नाही, आणि बाहेर रांगेत उभी असलेली मुलं ते बघत असतात. पहिलं मूल हसत बाहेर गेलं की पुढचा दिवस सोपा जातो.

ज्यांना एवढंही जमत नाही अशा छोट्यांसाठी सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड आहे. थेंबभर लावलं की कीड पुढे सरकायची बहुधा थांबते, पण तो भाग कायमचा काळा पडतो. आईला आधी सांगितल्याशिवाय ते लावू नका. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने हे द्रावण, ग्लास आयोनोमर आणि फ्लोराइडची टूथपेस्ट, तिन्ही अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

तिकडच्या माणसांचे दात तपकिरी का असतात? ते आपण पांढरे करून द्यायचे का?

पहिल्या शिबिराच्या दुसऱ्या दिवशी सहावी-सातवीतली एक मुलगी खुर्चीत बसली. तोंड उघड म्हटलं की उघडायची, पण बोलताना हात लगेच ओठांवर जायचा. वरचे पटाशीचे चारही दात गडद तपकिरी, वर बारीक बारीक खड्डे, जुन्या पितळी भांड्याला पडतात तसे. कीड एकाही दाताला नव्हती. तिला एकच विचारायचं होतं, हे जाईल का?

हा फ्लोरोसिस, म्हणजे जास्त फ्लोराइडमुळे दातांवर पडणारे डाग. अरुशाच्या मागे ४,५६६ मीटर उंचीचा मेरू पर्वत आहे, तो ज्वालामुखी. या सगळ्या पट्ट्यातल्या खडकांतून फ्लोराइड पाण्यात उतरतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर ते नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. इथल्या कित्येक झऱ्यांत आणि विहिरींत ते त्याच्या कितीतरी पट आहे. त्यात भर म्हणजे मगादी, तळ्याकाठी मिळणारा नैसर्गिक खार. आपण हरभरे लवकर शिजावेत म्हणून सोडा घालतो, तशी तिथे घेवड्यात मगादी घालतात, आणि तिच्यातही फ्लोराइड असतं. आठ वर्षांच्या आत, हिरडीखाली दात घडत असतानाच हे पोटात गेलं की एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, कच्चं राहतं. दात उगवतो तोच डागाळलेला.

यवतमाळ, नांदेड, चंद्रपूर इकडच्या वाचकांना हे सांगायला नको. मला तर तिथे बसून एक गोष्ट कळली आणि अंगावर काटा आला. पाण्यातलं फ्लोराइड तुरटी आणि चुना घालून खाली बसवायची नलगोंडा पद्धत आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेने शोधली. तीच पद्धत १९९०च्या दशकात अरुशाजवळच्या न्गुरडोटो इथल्या संशोधन केंद्रात घरगुती बादल्यांवर करून पाहिली गेली. तिथे हाडांच्या कोळशातून पाणी गाळण्यावरही बरंच काम झालं. आपल्या मातीतली एक बादली इतक्या लांब जाऊन पोचली होती.

आता प्रश्नाचं उत्तर. एका आठवड्याच्या शिबिरात दात पांढरे करायच्या फंदात पडू नका. वरून लावलेलं कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरण, अशा कच्च्या एनॅमलवर नीट धरत नाही, काही महिन्यांनी कडा सुटतात, आणि दुरुस्त करायला तुम्ही तिथे नसता. त्या मुलीला आमच्याबरोबरच्या स्थानिक डेंटल थेरपिस्टने जवळ बसवून सांगितलं, "तुझे दात किडलेले नाहीत, घाणेरडेही नाहीत. हे पाण्यामुळे झालं. माझेही असेच आहेत." आणि त्याने स्वतःचे दात दाखवले. ते काम मी करू शकले नसते. आम्ही मात्र तिच्या धाकट्या भावासाठी काहीतरी करू शकत होतो. गावात कोणत्या नळाला किती फ्लोराइड आहे हे आरोग्यकेंद्राला ठाऊक होतं. लहान मुलांचं पिण्याचं पाणी तेवढं पावसाचं किंवा कमी फ्लोराइडच्या नळाचं भरा, घेवड्यात मगादी घालू नका, हे आयांना पुन्हा पुन्हा सांगत राहायचं. आणि त्या भागात छोट्यांना टूथपेस्ट द्यायची ती तांदळाच्या दाण्याएवढीच, गिळू न देता.

आणखी काही वेगळं बघायला मिळतं का, ज्याची तयारी हवी?

दोन गोष्टी. मासाई लोकांत लहानपणी खालचे मधले दोन पटाशीचे दात काढायची जुनी रीत आहे. धनुर्वाताने जबडा आवळला तर त्या फटीतून दूध-औषध घालता यावं, असं त्याचं कारण सांगतात. तेव्हा तक्त्यावर ते दोन दात गेलेले दिसले तर 'कीड' असं लिहू नका, आणि कवळीचा विषयही काढू नका. कोणी मागितली तरच बोला.

दुसरी गोष्ट जड आहे. तान्ह्या बाळाला जुलाब आणि ताप आला की हिरडीवर सुळ्याच्या जागी दिसणारा पांढुरका फुगवटाच आजाराचं मूळ आहे असं काही भागांत मानतात. त्याला 'मेनो या प्लास्टिकी' म्हणतात, म्हणजे प्लॅस्टिकचे दात. कोणीतरी टोकदार वस्तूने तो कोंब उपसून काढतं. जंतुसंसर्गाने बाळं दगावतातही. मोठेपणी तुमच्यासमोर सुळा नसलेला किंवा वेडावाकडा उगवलेला माणूस बसतो. त्याच्या आईला रागावू नका. आपल्याकडे पोटदुखीवर बाळाच्या पोटाला डागण्या देणाऱ्या आयाही मूल जगावं म्हणूनच देतात. हे समजावण्याचं काम तिथल्या परिचारिकेचं, आपण तिच्या बाजूला उभं राहायचं.

वीज नसताना हत्यारं निर्जंतुक कशी करायची?

गॅसवर चालणारा प्रेशर कुकरच्या जातीचा ऑटोक्लेव्ह. १२१ अंश, १५ पौंड दाब, आणि गुंडाळलेल्या हत्यारांना पूर्ण अर्धा तास. हत्यारं आधी घासलेली, स्वच्छ हवीत, नाहीतर वाळलेल्या रक्ताखाली वाफ पोचत नाही. अरुशा सुमारे १,४०० मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब कमी, म्हणून काट्यावर १५ दिसले तरी आतलं तापमान थोडं कमीच राहतं. वेळ वाढवा आणि प्रत्येक पुडक्यावर उष्णतेने रंग बदलणारी इंडिकेटर टेप लावा. एका माणसाला दिवसभर हेच काम द्या, आणि संच संपले तर खुर्ची रिकामी ठेवा. रांग मोठी आहे म्हणून हत्यार नुसतं स्पिरिटमध्ये बुडवून पुढच्या तोंडात घालायचं नाही. रांग उद्याही असते.

काम करताना सुई टोचली तर?

मला टोचली आहे, म्हणून नीट सांगते. तिसरा दिवस, संध्याकाळचे पाच, शेवटचा पेशंट. सिरिंजला टोपण लावताना सुई हातमोज्यातून अंगठ्यात गेली. एका हाताने टोपण उचलायची पद्धत मला चांगली ठाऊक होती, मी थकले होते आणि घाईत दुसरा हात पुढे केला.

लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. पिळत बसू नका. गटप्रमुखाला त्याच मिनिटाला सांगा. त्या देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ४ ते ५ टक्क्यांच्या घरात आहे, म्हणून प्रतिबंधक औषधं शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. आमच्या यजमान केंद्रात ती होती. पेशंटने स्वतःहून तपासणीला हो म्हटलं, त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. रात्री आठपर्यंत सगळं पार पडलं. जिथे अशी सोय जवळ नाही तिथे शिबिर घेऊ नका. हिपॅटायटिस बीचे तीनही डोस आधी झालेले हवेत. हा कोर्स सहा महिन्यांचा असतो, त्यामुळे ठरवल्या दिवशीच सुरुवात करा आणि शेवटी रक्तातली प्रतिपिंडं तपासून घ्या.

बाकी लसी आणि मलेरिया?

मुंबईहून अनेक जण अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जातात. इथिओपिया आणि केनिया दोन्ही पीतज्वराच्या यादीतले देश आहेत. त्यामुळे पीतज्वराची लस घेऊन पिवळं कार्ड पासपोर्टलाच जोडून ठेवा. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, प्रवासाच्या निदान १० दिवस आधी घ्यावी लागते आणि एकदा घेतली की कार्ड आयुष्यभर चालतं. कार्डाशिवाय अशा देशातून भारतात परतलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. टायफॉइड आणि धनुर्वाताचं बघून घ्या.

मलेरियाच्या गोळ्या तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. अरुशा उंचावर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. सफारीच्या रस्त्यावर म्तो वा म्बू नावाचं गाव लागतं. नावाचा अर्थच 'डासांची नदी'.

सोबत काय न्यावं?

यजमान केंद्र जी यादी पाठवेल तेवढंच. औषधांना तिथल्या औषध प्राधिकरणाची परवानगी लागते, प्रत्येक खोक्याचा बॅच नंबर आणि मुदत लिहिलेली यादी आधी पाठवावी लागते. मुदत वर्षभर तरी उरलेली हवी. आपल्या कपाटातला मुदत संपत आलेला माल 'गरिबांना उपयोगी पडेल' म्हणून नेऊ नका. फोर्सेप आणि एलिव्हेटर ही दात काढायची हत्यारं चेक-इन बॅगेतच.

पोतं भरून गोळ्या-चॉकलेटं नेऊ नका, दंतशिबिराला जातो आहोत. प्लॅस्टिकच्या पिशव्याही घरीच काढून ठेवा. १ जून २०१९ पासून तिथे त्यांवर बंदी आहे आणि ती प्रवाशांनाही लागू आहे. कापडी पिशव्या घ्या, त्या निघताना तिथेच देऊन टाकता येतात.

भाषेचं कसं?

स्वाहिली. घाबरू नका, पहिल्याच दिवशी ओळखीचे शब्द कानावर पडतील. औषधाला 'दावा', गाडीला 'गारी', दुकानाला 'दुका', विम्याला 'बीमा', चहाला 'चाय', आणि चपातीला 'चपाती'. 'सफारी' म्हणजे प्रवास, आपल्या 'सफर'च्याच अरबी मुळातला.

एवढं पाठ करा: 'फुंगुआ म्दोमो', तोंड उघडा. 'इनाउमा?', दुखतंय का? 'जीनो' एक दात, 'मेनो' अनेक दात. वडीलधाऱ्यांना 'शिकामो' म्हणून नमस्कार करायचा, ते 'माराहाबा' म्हणून स्वीकारतात. आपल्याकडे वाकून नमस्कार केल्यावर आशीर्वाद मिळतो, तसंच. आणि 'पोले'. दुसऱ्याला त्रास होतोय आणि मला त्याची जाणीव आहे, हे सांगणारा शब्द. भुलेची सुई टोचताना मी 'पोले, पोले' म्हणत राहते. मराठीत त्याला नेमका शब्द मला अजून सापडला नाही.

आम्ही शाकाहारी आहोत, उपाशी राहू का?

अजिबात नाही. वाली म्हणजे भात, महारागे म्हणजे घेवड्याची उसळ, अनेकदा नारळाच्या दुधातली. म्चिचा म्हणजे आपला माठच, परतून केलेला. उगाली ही मक्याच्या पिठाची घट्ट उकड, हाताने गोळा करून भाजीला लावून खायची. अरुशात गुजराती मंडळींची पिढ्यान्‌पिढ्यांची दुकानं आहेत, हिंग-मोहरीसुद्धा मिळते.

फोटो काढले तर चालतात का?

उघड्या तोंडाचे, रडणाऱ्या मुलांचे, रक्ताचे नाही. उपचारासाठी लागतात ते केंद्राच्या परवानगीने, आणि ते केंद्राकडेच राहतात. रस्त्यात मासाई दिसले की गाडीच्या खिडकीतून कॅमेरा काढू नका. विचारा, नाही म्हणाले तर नाही.

सफारी आधी करावी की शिबिरानंतर?

नंतर. आधी केली की शिबिराचं काम थकून होतं. आणि पेशंटना 'दोन दिवस थांबा, डॉक्टर सिंह बघायला गेलेत' असं सांगावं लागू नये. मधला एक दिवस मोकळा ठेवा. त्या दिवशी नोंदी पूर्ण करायच्या, कालपरवा दात काढलेल्यांना सूज आलीय का ते बघायचं. मग चार दिवस सफारीला पुरतात.

कोणत्या महिन्यात?

आपली मे महिन्याची सुट्टी तिथल्या मोठ्या पावसात येते, तेव्हा तो महिना सोडा. शाळांचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, जून आणि डिसेंबरमध्ये सुट्ट्या असतात. मुलांसाठी शिबिर घ्यायचं तर फेब्रुवारी किंवा ऑगस्ट-सप्टेंबर बरा. फेब्रुवारीत सेरेंगेटीच्या दक्षिणेला न्दुतूकडे विल्डबीस्ट या गाईसारख्या दिसणाऱ्या हरणांची पिल्लं जन्मतात, ऑगस्ट-सप्टेंबरात उत्तरेला मारा नदी ओलांडणारे कळप दिसतात.

चार दिवसांत काय बघावं?

तारांगिरे, न्गोरोंगोरो, सेरेंगेटी. सगळ्यांची तिकिटं त्यासाठीच निघतात, पण दातांच्या माणसाने ही वाट दातांच्या नजरेने बघावी असं मला मनापासून वाटतं.

तारांगिरेत गोरखचिंचेची प्रचंड झाडं आणि त्यांच्या बुंध्यांची साल ओरबाडणारे हत्ती. हत्तीचा सुळा म्हणजे खरं तर त्याचा वरचा पटाशीचा दात. आत दाढांचे आयुष्यात सहा संच येतात, एक झिजला की मागून दुसरा पुढे सरकतो. सहावा झिजला की चावता येत नाही, आणि म्हातारा हत्ती दलदलीच्या मऊ गवताकडे वळतो. आमची गाडी एका हत्तिणीपासून पंधरा-वीस फुटांवर थांबली होती. इंजिन बंद. सोंडेने गवताची जुडी उपटायची, गुडघ्यावर आपटून माती झाडायची आणि तोंडात घालायची. मग आत दगडी जात्यावर ओलं धान्य दळावं तसा आवाज. मी डोळे मिटून तो ऐकत राहिले. २००९ साली टांझानियात सुमारे १ लाख ९ हजार हत्ती होते, २०१४ पर्यंत सुमारे ४३ हजार उरले. माणसाने एका दातासाठी हे केलं. त्यानंतर शिकारीला बराच आळा बसला आहे.

न्गोरोंगोरो म्हणजे कोसळलेल्या ज्वालामुखीचं कढईसारखं खोरं, ६०० मीटर खोल, तळाचं क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर. काळे गेंडे दिसायची शक्यता इथे चांगली. जिराफ मात्र खाली नाहीत, उतार फार खडा आहे. जेवणाच्या जागी डबा गाडीतच उघडा. घारी हातातला घास उचलतात आणि नखं लागतात.

तिथून सेरेंगेटीकडे जाताना ओल्डुवाईची घळ लागते. बरेच चालक विचारल्याशिवाय थांबत नाहीत, तुम्ही थांबायला सांगा. इथे १७ जुलै १९५९ रोजी पुरामानवशास्त्रज्ञ मेरी लीकी यांना उतरणीवर मातीतून डोकावणारे दात दिसले. वरच्या जबड्याच्या दाढा, आपल्यापेक्षा कितीतरी रुंद. त्यातून साडेसतरा लाख वर्षांपूर्वीची कवटी निघाली, आणि त्या दाढांमुळे तिला 'नटक्रॅकर मॅन' म्हणू लागले. मूळ कवटी दार-एस-सलामच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, घळीच्या काठावरच्या संग्रहालयातही बघण्यासारखं खूप आहे. आठवडाभर माणसांच्या तोंडात वाकून बघितल्यावर त्या उतरणीकडे बघताना काय वाटतं, ते तिथे उभं राहूनच कळतं.

सेरेंगेटी सुमारे १४,७६३ चौरस किलोमीटर. नाबी टेकडीचं फाटक ओलांडलं की क्षितिजापर्यंत गवत. झेब्रे आणि विल्डबीस्ट एकत्र चरतात त्यामागेही दातच आहेत. झेब्र्याला वर-खाली दोन्हीकडे पटाशीचे दात असतात, तो उंच, राठ गवत कापतो. विल्डबीस्टला गाईसारखे वरचे पुढचे दात नसतात, तो मागून खालचं कोवळं गवत खातो.

सफारीत काय काळजी घ्यावी?

गाडीतून उतरायचं नाही, ओरडायचं नाही, चालकाला वाट सोडून आत घालायचा आग्रह करायचा नाही. कपडे खाकी, राखी, मातकट. निळा आणि काळा टाळा, त्से-त्से माश्या त्या रंगांकडे येतात, आणि त्या जीन्सवरूनही चावतात. न्गोरोंगोरोच्या काठावर रात्री महाबळेश्वरच्या डिसेंबरसारखी थंडी पडते, स्वेटर हवाच.

खर्च किती येतो?

सगळ्यात महाग सफारी. उद्यानांचं शुल्क दर २४ तासांचं, डॉलरमध्ये, माणशी. न्गोरोंगोरोच्या खोऱ्यात उतरायला गाडीमागे वेगळे जवळजवळ तीनशे डॉलर. म्हणून सहा जणांनी एक गाडी करावी. दर बदलतात, निघण्याआधी ताजे विचारा. शिबिराचा खर्च आणि सफारीचा खर्च वेगळ्या वह्यांत ठेवा. देणगीचा एक रुपयाही सफारीत जाता कामा नये, आणि देणगीदाराला हिशेब दाखवता आला पाहिजे. विमा घेताना विमानाने रुग्णालयात हलवायची सोय त्यात आहे ना, ते बघा. त्या भागात ॲम्रेफ या आरोग्यसंस्थेची फ्लाइंग डॉक्टर्स सेवा १९५७ पासून हे काम करते.

परत आल्यावर काही करायचं असतं?

मलेरियाच्या गोळ्या लगेच थांबवू नका. डॉक्सिसायक्लिन परतल्यावरही चार आठवडे घ्यावी लागते. पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर 'मी टांझानियाला गेले होते' हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.

एकदा जाऊन आलं की पुरे, की पुन्हा जावं?

जमलं तर पुन्हा जा, आणि त्याच गावात जा. दरवर्षी नवा देश, नवं गाव करू नका. आमच्या दुसऱ्या खेपेला थेरपिस्टने ती जुनी नोंदवही काढली, आम्ही गेल्या वर्षी भरलेल्या दातांच्या मुलांना शाळेतून एकेक करून बोलावलं होतं. काही सिमेंट टिकलं होतं, काही पडलं होतं. माझ्या हातच्या तीन भरणी पडल्या होत्या, त्या का पडल्या हे त्याने मला दाखवलं. कडेची कीड मी पूर्ण खरवडली नव्हती. त्या दिवशी खुर्चीमागे तो उभा राहिला आणि हेडलॅम्प धरायला मी.